अलंगहून जहाजाचा जुना प्युरिफायर आणावा का? फर्नेस ऑइल, सातपूर

सातपूर_भट्टी
नमस्कार मंडळी. नाशिकच्या सातपूरला आमचं फोर्जिंगचं लहान युनिट आहे. भट्टी फर्नेस ऑइलवर चालते, रोजचा खप साधारण पाचशे लिटर. पाइप गॅसचं बोलणं सुरू आहे, पण आमच्या गल्लीत लाइन कधी येईल ते गोदामाईलाच ठाऊक. गेल्या पावसाळ्यापासून बर्नर छळतोय. ज्योत मध्येच फुरफुरते, नोझलच्या टोकाला काळा चिकटा बसतो, गाळणी सारखी भरते.

भावनगरकडचा एक व्यापारी अलंगला तोडलेल्या जहाजांचं सामान विकतो. त्याच्याकडे जहाजावरचा ऑइल प्युरिफायर आहे. त्याचं म्हणणं, "शेठ, जहाजाचं एवढं घाण तेल हा साफ करतो, तुमच्या तेलाचं काय घेऊन बसलात." किंमत भंगारापेक्षा थोडी वर. फोटोत मशीन धडधाकट दिसतंय.

हे यंत्र नेमकं काय काढतं आणि काय काढत नाही? आणि माझ्या कामाचं आहे का? जहाजावर काम केलेल्यांनी जरूर लिहा.

वात्रट_पंचवटी
आधी प्युरिफायर, मग इंजिन, मग उरलेलं जहाज. हप्त्याहप्त्याने आणताय का भो? पुढच्या पुराला दुतोंड्या मारुतीपाशी नांगर टाकू.

मोनाली_डी
वाचतेय. विषय भारी आहे.

गंगापूररोड_चीफ
भट्टीवाले, बरं झालं आधी विचारलंत. मी चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झालो. फोर्थ इंजिनिअर असताना माझा मुक्काम प्युरिफायर रूममध्येच असायचा. जरा सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

जहाजाच्या मोठ्या इंजिनात जातं ते हेवी फ्युएल म्हणजे रिफायनरीचा तळ. पेट्रोल, डिझेल, रॉकेल काढून घेतल्यावर जे उरतं ते. त्यात पाणी असतं (टाकीत घाम येतो, बार्जमधून येतं, कधी समुद्राचंही असतं), गंज आणि वाळू असते. पण सगळ्यात वाईट म्हणजे कॅट फाइन्स. रिफायनरीत जड तेल तोडायला अॅल्युमिना-सिलिकाचा उत्प्रेरक वापरतात, त्याचे कण तेलात राहून जातात. आकाराने काही मायक्रॉनपासून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) काही दशक मायक्रॉनपर्यंत, पण इतके कठीण की लायनरमध्ये (सिलिंडरच्या आतल्या अस्तरात), पिस्टन रिंगमध्ये आणि फ्युएल पंपाच्या प्लंजरमध्ये रुतून बसतात आणि धातू खरवडत राहतात. आयएसओ ८२१७ या जहाजाच्या इंधनाच्या मानकाप्रमाणे जहाजाला मिळणाऱ्या नेहमीच्या जड तेलात अॅल्युमिनियम आणि सिलिकॉन मिळून किलोला ६० मिलिग्रॅमपर्यंत चालतात. इंजिनवाले म्हणतात, आमच्या दारात १५ च्या वर नको. मधलं काम प्युरिफायरचं.

तेलाचा प्रवास असा: बंकर टाकीतून सेटलिंग टँक. तिथे ते गरम ठेवायचं, जड पाणी-गाळ खाली बसू द्यायचा, तळाचा कॉक उघडून काढत राहायचं. मग हीटरमधून ९८ अंशांवर नेऊन प्युरिफायरमध्ये. तिथून सर्व्हिस टँक. पुढे बारीक गाळणी, आणि मग इंजिन.

आत एक बाऊल असतो, मिनिटाला सात-आठ हजार फेऱ्यांनी फिरणारा. त्यात शंकूच्या आकाराच्या चकत्यांची चळत, दोन चकत्यांमध्ये अर्धा मिलिमीटर फट. तेल हलकं म्हणून आतल्या बाजूने वर चढतं, पाणी आणि गाळ जड म्हणून बाहेर फेकले जातात. पाणी वेगळ्या वाटेने निघतं. गाळ बाऊलच्या कडेला साठतो, आणि ठरावीक वेळाने बाऊलचा तळ क्षणभर खाली सरकून तो बाहेर फेकतो. त्याला डीस्लज म्हणतात. "धाड्" असा आवाज येतो. नवीन पोरं पहिल्यांदा दचकतात.

मशीनला फक्त एवढंच कळतं: कोण जड, कोण हलकं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

फिल्टर_फिरोज
चीफसाहेब, एवढं सगळं करण्यापेक्षा चांगला डुप्लेक्स फिल्टर (दोन जाळ्यांचा, एक धुताना दुसरी चालू) का नाही? दहा मायक्रॉनची जाळी लावली की विषय संपला. फिरणारं मशीन म्हणजे बेअरिंग, सील, माणूस, सगळा खर्च.

गंगापूररोड_चीफ
फिरोजभाई, जाळी पाणी अडवत नाही. आणि जड तेल दहा मायक्रॉनमधून थेट ढकललंत तर तासातासाला जाळी धूत बसाल. जहाजावर बारीक गाळणी असतेच, पण प्युरिफायरच्या पुढे. आधी नाही.

गणिताचा_तास
मला राहवत नाही. स्टोक्सचा नियम: थेंबाचा खाली बसण्याचा वेग हा व्यासाचा वर्ग गुणिले घनतेतला फरक गुणिले गुरुत्व, आणि भागाकारात तेलाच्या घट्टपणाची १८ पट.

२० मायक्रॉनचा पाण्याचा थेंब घ्या. कोमट जड तेलाचा घट्टपणा १०० सेंटीपॉइज आणि घनतेतला फरक घनमीटरला २५ किलो धरला, तर टाकीत हा थेंब दिवसाला साधारण ५ मिलिमीटर खाली येतो. टाकी दोन मीटर उंच असेल तर वर्षभराहून जास्त वाट बघा.

आता बाऊल. अक्षापासून १० सेंटिमीटरवर, ८००० फेरे: प्रवेग गुरुत्वाच्या ७००० पटींहून जास्त. त्या अंतरावर वेग ताशी ३०० किलोमीटर. शिवाय ९८ अंशांना घट्टपणा तिसऱ्या हिश्श्यावर आलेला. तोच थेंब आता सेकंदाला साधारण १ मिलिमीटर सरकतो, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरची फट अर्ध्या सेकंदात पार. चकत्या कशाला, याचं उत्तर इथेच आहे. थेंबाला फार लांब जावंच लागत नाही.

आणि व्यासाचा वर्ग विसरू नका. कण निम्मा झाला की वेळ चौपट. म्हणून अगदी बारीक कॅट फाइन्स निसटतात.

वात्रट_पंचवटी
दहावीला तुम्ही शिकवायला असता तर मीही चीफ झालो असतो सर.

सिन्नर_डेअरी
हे सगळं वाचून हसू आलं, कारण आमच्या प्लँटमध्ये रोज हेच चालतं, फक्त आम्हाला हलका भाग जास्त प्रिय. मलई. गुस्ताफ दे लावाल या स्वीडिश माणसाने १८७८ च्या सुमारास दूध-मलई वेगळी करणारं सेपरेटर केलं, १८८३ मध्ये कंपनी काढली. चकत्यांची कल्पना मात्र फॉन बेख्टोल्सहाइम या जर्मनाची. तिचं पेटंट कंपनीने विकत घेतलं. म्हणजे जहाजवाल्यांनी आमच्याकडून उचललंय, रॉयल्टी द्या. आजची अल्फा लावाल ती हीच, आणि त्यांचा कारखाना आपल्या पुण्यात दापोडीला आहे. स्पेअर विचारायला भावनगर कशाला?

एक अनुभव सांगते. चकत्या धुऊन परत लावताना एक कमी बसली किंवा चळत नीट दाबली गेली नाही, तर मशीन सुरू करताच लक्षात येतं. सगळा मजला थरथरतो.

निफाडचा_ऊस
आमच्या साखर कारखान्यातही सेंट्रिफ्युगल असतं. तेच का?

सिन्नर_डेअरी
नाही दादा. तुमच्याकडे जाळीची टोपली फिरते. मळी जाळीतून बाहेर, साखर आत राहते. तिथे जाळी काम करते, इथे घनता.

निफाडचा_ऊस
बरं. म्हणजे फिरोजभाईंचा फिल्टर आमच्याकडे फिरतो.

रजेवरचा_फोर्थ
चीफ सरांना दंडवत. मी सध्या रजेवर इंदिरानगरला, परवापर्यंत प्युरिफायरच उघडत होतो. थोडी भर घालतो.

ग्रॅव्हिटी डिस्क. पाणी बाहेर जातं त्या तोंडाशी एक कडं असतं, वेगवेगळ्या भोकांचा सेट येतो. तेल-पाण्याची सीमा बाऊलमध्ये कुठे राहील ते यावर ठरतं. भोक मोठं झालं तर सीमा बाहेर सरकते आणि पाण्याचं सील (बाऊलच्या कडेचा पाण्याचा थर, जो तेलाला पाण्याच्या वाटेने जाऊ देत नाही) तुटून तेल पाण्याच्या वाटेने स्लज टाकीत जातं. भोक लहान झालं तर सीमा चकत्यांत शिरते आणि सफाई बिघडते. म्हणून सील न तुटता चालेल तेवढं मोठं भोक घ्यायचं. तेलाची घनता बदलली की हिशोब पुन्हा. या पद्धतीने घनमीटरला ९९१ किलो घनतेपर्यंतचंच तेल साफ होतं. त्याहून जड तेलाला ग्रॅव्हिटी डिस्क नसलेली नवी मशीन लागतात, ती पाण्याचा अंदाज सेन्सरने घेतात आणि १०१० पर्यंत जातात.

९८ का, तर १०० च्या पुढे सीलचं पाणी उकळायला लागेल. ९० वर चालवलं तर तेल घट्ट राहतं, सफाई घसरते. इंजिनिअरच्या तोंडी परीक्षेला हा प्रश्न हमखास येतो.

आणि २०२० पासून ०.५० टक्के सल्फरचं तेल आलं तेव्हापासून वेगळीच गंमत. कागदावर स्वच्छ, पण दोन ठिकाणचं तेल एका टाकीत मिसळलं तर अॅस्फाल्टीन (तेलातला डांबरासारखा भाग) सुटतात आणि बाऊल काळ्या लगद्याने भरतो. त्यात प्युरिफायरचा दोष काही नाही, शिव्या मात्र फोर्थला.

मोनाली_डी
म्हणजे सल्फर प्युरिफायरमध्ये निघत नाही?

गंगापूररोड_चीफ
नाही. इथेच मघाचं वाक्य. सल्फर तेलाच्या रेणूतच जोडलेलं, व्हॅनेडियम तेलात विरघळलेलं. वेगळा जड थेंब किंवा कण नाही, तर फेकणार काय? सोडियम मात्र खाऱ्या पाण्यात असतं, पाण्याबरोबर निघतं. हे महत्त्वाचं आहे, कारण सोडियम आणि व्हॅनेडियम एकत्र जळले की त्यांची राख कमी तापमानाला वितळते आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाते.

रसायनांची भेसळही निघत नाही. २०२२ ला सिंगापूरला क्लोरीनयुक्त सेंद्रिय द्रव्यं असलेलं तेल सुमारे दोनशे जहाजांनी घेतलं. त्यातल्या ऐंशीएक जहाजांना पंप आणि इंजिनाचे प्रॉब्लेम आले. प्युरिफायर सगळ्यांवर होते.

अंबड_इलेक्ट्रिकल
एवढी चर्चा झाली, पण मूळ धोका कोणी लिहिला नाही. भट्टीवाले, नेमप्लेटचा फोटो मागवा. बहुतेक जहाजांची वीज ४४० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपली ५०.

६० चं मशीन आपल्या लाइनवर लावलं तर बाऊल ५/६ वेगाने फिरेल. जोर वेगाच्या वर्गात, म्हणजे ६९ टक्के. चालेल, पण अर्धवट साफ करेल आणि तुम्ही म्हणाल मशीन बोगस.

उलटं झालं तर जीव जाईल. समजा त्या मशीनच्या आत कोणी ५० हर्ट्झलाच पूर्ण वेग देणारा गिअर घातलेला आहे आणि तुमच्याकडे कोणी हुशार माणसाने व्हीएफडी (फ्रिक्वेन्सी बदलणारं उपकरण) लावून ६० केलं. बाऊल २० टक्के जास्त वेगाने, ताण ४४ टक्के जास्त. ताशी ३०० किलोमीटरवाला गोळा फुटला तर शेडचा पत्रा आडवा येणार नाही.

गंगापूररोड_चीफ
अगदी बरोबर. दोन्ही फ्रिक्वेन्सीला वर्म गिअरचे दात वेगळे असतात, मॅन्युअलमध्ये आकडे दिलेले असतात. उघडून दात मोजल्याशिवाय प्लगसुद्धा लावू नका.

आणखी एक. बाऊलची बॉडी, झाकण, लॉक रिंग हे सगळं एकत्र बॅलन्स केलेलं असतं, त्यावर एकच नंबर कोरलेला असतो. यार्डात दोन-चार मशीन एकत्र खोलून ढीग केला की कोणाचं झाकण कोणाच्या डोक्यावर जातं कळत नाही. नंबर जुळले नाहीत तर ते मशीन नाही, भंगार आहे. गंजाचे खड्डे पडले असतील तर क्रॅक टेस्ट. बाऊलवर वेल्डिंगची खूण दिसली तर व्यापाऱ्याला चहा पाजा आणि रवाना करा.

वात्रट_पंचवटी
लॉक रिंगचा आटा उलटा असतो म्हणे?

रजेवरचा_फोर्थ
डावा आटा. नवीन कॅडेट जोर लावून घट्ट करत बसतो आणि आम्ही बघत बसतो.

फिल्टर_फिरोज
मी तेव्हाच म्हटलं होतं. फिल्टर.

नासर्डी_काठ
मी प्रदूषण मंडळाच्या कागदपत्रांचं काम करते. प्युरिफायर बसवला की रोज तेलकट गाळ आणि तेलकट पाणी निघणार. जहाजावर त्याचा हिशोब ऑइल रेकॉर्ड बुकात लिहावा लागतो, समुद्रात सोडायचं पाणी १५ पीपीएमच्या आत असावं लागतं. इथे २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येतं, संमतीपत्रात दाखवावं लागेल आणि अधिकृत ठिकाणीच द्यावं लागेल. नाल्यात सोडलं तर थेट नासर्डीत आणि तिथून गोदावरीत. कृपा करा.

आणि आगीचं काय? फर्नेस ऑइलचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला तेलाची वाफ ठिणगीने पेट घेते) किमान ६६ अंश. तुम्ही ते ९८ ला नेणार.

गंगापूररोड_चीफ
ताई, हा प्रश्न जहाजावरही आहे. तिथे इंधनाचा फ्लॅश पॉइंट ६० च्या वर असावा लागतो आणि तरी आपण ते ९८ ला नेतोच. बंद पाइप, झाकलेले जोड, गरम भागांवर लॅगिंग (उष्णता अडवणारं आवरण), खाली ट्रे, गळती झाली तर अलार्म, खोलीला स्वतंत्र आगविझवणी. प्युरिफायर रूम ही इंजिन रूममधली आगीच्या दृष्टीने वाईट जागा समजली जाते. भट्टीच्या शेजारी पत्र्याच्या शेडमध्ये हे उघडं बसवणं मला पटत नाही. आणि डीस्लजला लागणारं पाणी बोअरचं असेल तर त्याचा क्षार बाऊलमधली बारीक भोकं बुजवतो, मग तळ नीट सरकत नाही. मऊ पाणी लागेल.

पावसाळी_मेघ
अवांतर: आमचे काका प्युरिफायर रूमला "सासर" म्हणायचे. उकाडा, आवाज, आणि काहीही बिघडलं तरी दोष आपला.

रजेवरचा_फोर्थ
काकांना माझा साष्टांग नमस्कार.

सातपूर_भट्टी
मंडळी, खरंच आभार. एवढं मला कोणत्याही डीलरने सांगितलं नाही. नेमप्लेट आली: ६० हर्ट्झ, तासाला २००० लिटर. बाऊलचे नंबर विचारले तर व्यापारी म्हणतो "सब मिलता है". फोटो मात्र पाठवत नाही.

गणिताचा_तास
तासाला २००० आणि खप ५०० चा. तुमचं दिवसाचं तेल पंधरा मिनिटांत संपेल. तेवढ्यात हीटरही तापणार नाही.

रजेवरचा_फोर्थ
कमी फ्लोवर तेच तेल फिरवत ठेवता येतं सर. फ्लो जितका कमी तितकं तेल बाऊलमध्ये जास्त वेळ राहतं आणि सफाई चांगली. कॅट फाइन्स जास्त आले की आम्ही दोन मशीन समांतर लावून दोन्हींचा फ्लो उतरवतो.

अंबड_इलेक्ट्रिकल
पण त्यासाठी दिवसभर हीटर, पंप, मोटर चालू. वीजबिल कोण भरणार?

गंगापूररोड_चीफ
भट्टीवाले, आता मूळ प्रश्नावर येतो. तुम्हाला अजून हेच माहीत नाही की घाण कोणती आहे. ज्योत फुरफुरते ही पाण्याची खूण. नोझलवर चिकटा ही बहुतेक तेल पुरेसं गरम नसल्याची किंवा हवा कमी पडल्याची. कॅट फाइन्स तुमच्या भट्टीला इंजिनाएवढे घातक नाहीत, तिथे लायनर नाही. नोझल झिजवतील फार तर. तीन बाटल्या भरा: टँकर उतरवताना एक, टाकीच्या तळाची एक, बर्नरच्या आधीची एक. लॅबला द्या. पाणी, गाळ, राख विचारा. फर्नेस ऑइलच्या आपल्याकडच्या मानकात पाणी १ टक्क्यापर्यंत चालतं, तेव्हा टँकरवाला लगेच चोर ठरत नाही.

सातपूर_भट्टी
रिपोर्ट आला. टँकरच्या बाटलीत पाणी ०.३ टक्के. तळाच्या बाटलीत जवळजवळ निम्मं पाणी! बर्नरच्या आधी १.८. गाळ तिन्हीत फारसा नाही.

फिल्टर_फिरोज
म्हणजे पाणी टँकरमधून नाही, तुमच्याच टाकीत येतंय. वरचं मॅनहोल? व्हेंट पाइपाला टोपी आहे का? पावसाळ्यापासून म्हणालात.

गंगापूररोड_चीफ
वा फिरोजभाई, आज तुम्ही जिंकलात. टाकी वाफेच्या कॉइलने तापवता की विजेच्या हीटरने?

सातपूर_भट्टी
वाफेने. लहान बॉयलर आहे. व्हेंटला टोपी आहे, मॅनहोलचं गॅस्केट जुनं.

गंगापूररोड_चीफ
मग कॉइलवरही संशय घ्या. भोक पडलं की वाफ चालू असताना पाणी तेलात येतं, आणि वाफ बंद झाली की तेल उलट कॉइलमध्ये शिरतं. जहाजावर परतीचं पाणी म्हणूनच काचेच्या निरीक्षण टाकीतून नेतात, तेलाचा तवंग दिसला की कॉइल बंद. तुम्ही कंडेन्सेट (कॉइलमधून परत येणारं वाफेचं पाणी) बादलीत घ्या, थंड होऊ द्या, वर तवंग येतो का बघा. नंतर कॉइल दोन्हीकडून बंद करून पाण्याने प्रेशर टेस्ट. घाई नको, आधी वाफ पूर्ण उतरू द्या.

सक्शन पाइप टाकीच्या तळाला चिकटलेला आहे का तेही बघा. वीत-दीड वीत वर घ्या. तळाला उतार आणि ड्रेन कॉक. जागा असेल तर दुसरी टाकी करा: एक भरून गरम करून शांत ठेवायची, दुसरीतून चालवायचं. मोठे थेंब तेवढ्यात खाली बसतात. गणितवाल्यांच्या २० मायक्रॉनवाल्याला सोडून द्या, त्याने भट्टी विझत नाही.

सातपूर_भट्टी
साप्ताहिक सुट्टीला वाफ बंद असते, तेव्हा कॉइल टेस्ट करतो. मॅनहोलचं गॅस्केट आजच सांगितलंय. व्यापाऱ्याला सध्या थांबा म्हटलंय, तर त्याने दहा टक्के कमी केले.

अंबड_इलेक्ट्रिकल
नंबरचा फोटो पाठवला का?

सातपूर_भट्टी
नाही.

नासर्डी_काठ
तळातून काढलेलं ते निम्म्या पाण्याचं तेल ड्रममध्ये बंद ठेवा, झाकण लावून, लेबल लावून. टेस्टच्या दिवशी मला निरोप करा, नोंदी कशा ठेवायच्या ते सांगते.